नवसाच्या कोंबड्याचा पाय

आमच्या घरात जे जे माझं आहे, त्याच्यावर माझी खूण आहे. घमेलं, टिकाव, बादली, गोठ्यातली खुंटी, सगळ्यावर तांबड्या ऑइलपेंटनं माझ्या नावाचं पहिलं अक्षर, 'के'. चोवीस वर्षं पलटणीच्या स्टोअरमध्ये काढली. तिथं बिनखुणेची वस्तू म्हणजे गेलेली वस्तू, हे पहिल्या सहा महिन्यांतच शिकलो आणि पुढं जन्मभर विसरलो नाही. एकदा सुनेच्या लाटण्यावर 'के' काढला, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. नाही बोलली तर नाही, लाटणं घरात राहिलं की.

गावात मला केरबा हवालदार म्हणतात आणि घरात लहानथोर सगळी आबा म्हणतात. स्वभाव संशयी आहे, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. दूधवाल्याच्या मापावर, वायरमनच्या शब्दावर, साखर कारखान्याच्या काट्यावर, कशावरच माझा विश्वास नाही. आणि खोटं कशाला सांगू, दहातल्या सहा वेळा माझा संशय खरा निघतो. उरलेल्या चार वेळांचं कुणी लक्षात ठेवत नाही, मी तर नाहीच नाही.

धाकटा भाऊ ज्योतिबा आणि मी एकाच अंगणात राहतो. मी रिटायर होऊन आल्यावर वाटण्या झाल्या आणि अंगणात मधोमध कमरेएवढी भिंत घातली. भिंत मीच घातली. ज्योतिबा तेव्हा म्हणाला होता, कोंबड्या काय सातबारा वाचत्यात व्हय? मी म्हटलं, वाचत नाहीत म्हणूनच भिंत पाहिजे.

ज्योतिबाची बायको रंगूबाई. तिच्याबद्दल आधीच नीट सांगायला हवं, म्हणजे पुढं मी काय केलं ते कळेल. माझी बायको गेली तेव्हा आमचा ऋषिराज चार वर्षांचा होता आणि मी पठाणकोटला होतो. दहावं-तेरावं उरकून मी परत ड्युटीवर गेलो. पोरगं रंगूबाईनं वाढवलं. त्याचं नाक पुसलं, शाळेत घातलं, गोवर आला तेव्हा आठ रात्री मांडीवर घेऊन बसली. तो तिला नानी म्हणतो. आता तोही फौजेत आहे. सुट्टीवर आला की पिशवी माझ्या दारात ठेवतो आणि जेवायला भिंतीपलीकडं जातो. मला ते आवडतं असं नाही.

गेल्या वर्षी त्याची बायको राजनंदिनी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी. वजन सव्वा किलो. सांगलीच्या दवाखान्यात बावीस दिवस काचेच्या पेटीत होती. ऋषिराजला रजा मिळेना. मी दोनदा जाऊन आलो. काचेतनं ते एवढंसं पोर बघवत नव्हतं, म्हणून उसाला पाणी द्यायचं निमित्त काढून परत आलो. रंगूबाई मात्र बावीस दिवस दवाखान्याच्या बोळात चटई टाकून राहिली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा तिनं तिथंच गावच्या लक्ष्मीआईला नवस बोलला, की पोर घरी येऊ दे, येत्या आषाढात घरचा तांबडा कोंबडा देऊ. पोर घरी आली. राजेश्वरी नाव ठेवलं. आता ती मी घातलेली भिंत धरून उभी राहते आणि दोन्हीकडच्यांना हाका मारते.

नवसाचा कोंबडा बाजारचा चालत नाही. घरी जन्मलेला लागतो आणि अव्यंग लागतो. लंगडा, काणा, जखमेचा आमच्याकडं देवीपुढं नेत नाहीत. अंडी माझ्या कोंबडीची होती, पण अंड्यांवर बसणारी खुडुक कोंबडी रंगूबाईची. तिच्याखाली ठेवली आणि पिल्लं निम्मी-निम्मी, अशी अर्धल ठरली. नऊ पिल्लांत दोन कोंबडे तांबडे निघाले, एक मला आणि एक तिला. दोघांत तिळाएवढा फरक नाही. रंग तोच, शेपटीची हिरवी-काळी झाक तीच. नवस तिनं बोललेला असला तरी नात माझी, तेव्हा माझाच कोंबडा देवीला जायचा, असं मी सांगून टाकलं. ती काही बोलली नाही. न बोलणारं माणूस मला जास्त काळजीत पाडतं.

दोन सारख्या वस्तू शेजारी शेजारी असल्या की अदलाबदल होणारच. माझं पिल्लू अंगानं भरत चाललं होतं, तिचं थोडं मागं होतं. म्हणून माघात मी खताच्या पोत्याची शिवण उसवली, तिचा पांढरा नायलॉनचा दोरा तांबड्या रंगात बुडवला आणि माझ्या पिल्लाच्या डाव्या पायात दोन वेढे घालून पक्की गाठ मारली. स्टोअरची गाठ. ती सुटत नाही. काम झालं आणि मी ते विसरून गेलो. खुणेचं तेच सुख असतं, की एकदा केली की डोक्याला ताप नाही.

आषाढ लागला. जत्रा शुक्रवारी होती, त्याला अजून पंधरा दिवस होते. एका संध्याकाळी मळ्यातनं आलो तर रंगूबाई भिंतीच्या माझ्या बाजूला, खुराड्यामागं उकिडवी बसलेली. काखेत माझा तांबडा आणि हातात कात्री. कोंबडा पंख फडफडत होता. मला बघून ती दचकली, निदान मला तसं दिसलं.

"आबा, त्येचा पाय..." एवढंच ती म्हणाली.

मी म्हटलं, माझा कोंबडा खाली ठेव. तिनं ठेवला. आणखी काही बोलायला तोंड उघडलं, तर मी हात करून भिंतीकडं दाखवलं. ती उठली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबडा लंगडत होता. डावा पाय नडगीपाशी सुजून अंगठ्याएवढा झाला होता आणि तिथली खवलं उचलून आत रक्त साकळलं होतं. दोन दिवसांत तुऱ्याला, मानेला आणि पाठीलाही जखमा दिसायला लागल्या. पाठीवरची पिसं गेली होती आणि तिथं लाल मांस उघडं पडलं होतं. आदल्या संध्याकाळी कात्री आणि सकाळी लंगडा पाय. याच्या पुढं गणित करायला शाळा लागत नाही.

मी कोंबडा माझ्या खोलीत आणला आणि वेताच्या डालग्याखाली ठेवला. हळद उगाळली, त्यात चुना घालून पळीत गरम केलं, सुजेवर लेप दिला आणि वरनं जुन्या धोतराची पट्टी बांधली. रोज संध्याकाळी नवा लेप आणि नवी पट्टी. जुनी सोडवायला गेलं की तो असा कळवळायचा की माझाच हात थांबायचा, म्हणून मी तिच्यावरच दुसरी बांधायचो. बाजरी भिजवून, लसणाची पाकळी ठेचून हातानं भरवायचो. तिसऱ्या दिवसापासून तो मला बघून मान वर करायला लागला. चोवीस वर्षं नोकरी करून माझ्याकडं कुणी असं बघितलं नव्हतं. मला त्याची माया लागली, हे सांगायला आता लाज वाटत नाही, तेव्हा वाटायची. आणि जेवढी माया लागत होती तेवढी रंगूबाईची चीड वाढत होती.

तिनं हे का केलं, याचं कारणही मी शोधून काढलं. नवस तिनं बोललेला. माझा कोंबडा व्यंग झाला तर तिचा जाणार, देवीपुढं मान तिच्या घराला आणि पोर वाचवल्याचं पुण्य तिच्या पदरात. म्हणजे मुलगा नेला तो नेलाच, आता नातही नेणार. सुनेला हे समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आबा, नानी आसं कशाला करतील? त्यास्नी पायजे ते त्यास्नी कवाच मिळालंय." मग राजेश्वरीला काखेत मारून आत गेली. मला वाटलं, हिलाही फितवलंय.

बुधवारी लक्ष्मीआईच्या देवळात जत्रेची बैठक होती. पालखीचं, भांड्यांचं बोलणं संपलं आणि मी उभा राहिलो. सगळं सांगितलं. कात्री सांगितली, सूज सांगितली, पाठीवरच्या जखमा सांगितल्या. मग म्हटलं, ज्योतिबाच्या बायकोनं भंडारा उचलावा.

आमच्या भागात भंडारा उचलणं म्हणजे साधी शपथ नव्हे. देवीच्या पायावरची हळद उजव्या हातात घेऊन बोलायचं आणि मग नऊ दिवस सगळ्या गावानं त्या माणसाकडं बघत राहायचं. खोटं बोललं असेल तर नऊ दिवसांत काहीतरी होतं, असं म्हणतात. म्हणून सहसा कुणी कुणाला असं सांगत नाही. सांगितलं की मग ती दोन घरं एकमेकांचं पाणीसुद्धा पीत नाहीत. गुरव आकाराम मला म्हणाला, हवालदार, कोंबड्यासाठी एवढं नगा ताणू. ज्योतिबा नुसता बसून होता. म्हणाला, दादा, इचार कर. मी म्हटलं, विचार करूनच बोलतोय.

रंगूबाईला बोलावणं गेलं. ती मळ्यातल्या भांगलणीतनं तशीच आली, पाय चिखलानं भरलेले. उंबऱ्याबाहेरच पाय धुतले, आत आली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्यांपुढं सरळ माझ्याकडं बघितलं. चाळीस वर्षांत तिनं माझ्याकडं असं बघितलं नव्हतं.

"उचल म्हनतासा?"

"उचल."

तिनं मूठभर भंडारा उचलला. म्हणाली, "तांबड्याला मी इजा केली आसंल तर ह्यो हात झडू दे." भंडारा कपाळाला लावला, उरलेला देवीच्या पायावर ठेवला आणि ज्या पावली आली त्या पावली मळ्यात गेली.

रोज दुपारी मी मळ्यातनं आलो की ती भिंतीवरनं मला तांब्या द्यायची. त्यांचा माठ जुना आहे, पाणी गार असतं. भिंत घातल्यापासनं एक दिवस ते चुकलं नव्हतं. गुरुवारी तांब्या आला नाही. मी म्हटलं, बरं झालं, आपल्या घरात काय पाणी नाही काय. आमच्या माठातलं पाणी प्यालो. त्याला मातीचा वास येत होता.

भंडारा उचलल्यापासनं पाचव्या दिवशी, सोमवारी, ज्योतिबाच्या घरातनं आरडाओरडा ऐकू आला. चुलीवरचं आंघोळीच्या पाण्याचं भगुलं उतरवताना कलंडलं आणि रंगूबाईचा हात मनगटापर्यंत भाजला. उजवा हात. बातमी घटकाभरात गावभर झाली. भंडारा लागला, असं पारावर बायका-पुरुष सगळे म्हणायला लागले. चार दिवस माझ्याकडं तिरकं बघणारी माणसं मला रामराम घालायला लागली. मला बरं वाटलं. आता हे सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मला बरंच वाटलं होतं. तिच्या भाजलेल्या हाताचं नाही, माझं खरं झाल्याचं.

राजनंदिनी पोरीला घेऊन तिकडं गेली ती संध्याकाळीच परतली. मी विचारलं, हात कसा आहे? ती म्हणाली, जाऊन बगा की.

गेलो नाही. कारण इकडं तांबड्याचं बरं नव्हतं. त्यानं खाणं सोडलं होतं. पट्टीला वास यायला लागला होता आणि खालची बोटं गार आणि काळी पडली होती. गुन्हेगार सापडला, शिक्षाही झाली, मग हा बरा का होत नाही, हे मला कळेना. मंगळवारी त्याला उशाच्या अभ्र्यात घातलं, मान तेवढी बाहेर ठेवली आणि मोटरसायकलवर पोटाशी बांधून इस्लामपूरला नेलं. तिथं ज्ञानदा नावाची एक तरुण जनावरांची डॉक्टर आहे. दवाखान्यात दोन म्हशींचे मालक आणि एक कुत्रेवाली बाई होती. कोंबडा बघून तिघंही हसली. मी कुणाकडं बघितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी कोमट पाणी मागवलं आणि पट्टी भिजवत ठेवली. मग एक एक थर सोडवायला लागल्या. हळद-चुना सुकून सिमेंटसारखा झाला होता. "किती थर आहेत हे, बाबा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अकरा. अकरावा सुटला तेव्हा माझ्याही नाकाला वास झोंबला. त्यांनी जांभळ्या पाण्यानं जखम धुतली, दिवा जवळ ओढला, चिमटा आत घातला आणि थांबल्या.

"हा दोरा कुणी बांधला?"

मी जवळ जाऊन बघितलं. मांसात पार रुतलेला, वरनं कातडी मिटत आलेली, दोन वेढे आणि एक गाठ. गाठ मी ओळखली. ती गाठ आमच्या गावात दुसऱ्या कुणाला येत नाही.

"काय की," मी म्हटलं.

"पिल्लू असताना बांधलेला आहे," त्या म्हणाल्या. "पाय वाढत गेला, दोरा तेवढाच राहिला. मग पायच कापत गेला."

मी पाठीवरच्या जखमांचं विचारलं. त्या म्हणाल्या, एखादा लंगडायला लागला की बाकीच्या कोंबड्या त्यालाच टोचतात, रक्त दिसलं की जास्तच. मग बारीक कात्री घेऊन त्यांनी गाठीजवळ दोरा कापला. तांबड्याला दोन्ही हातांनी मीच धरून ठेवलं होतं. त्याची छाती माझ्या पंजात धडधडत होती. "हेच दहा-बारा दिवसांपूर्वी कुणी साध्या कात्रीनं केलं असतं, तर पाय पहिल्यासारखा झाला असता," त्या सहज बोलून गेल्या. "आता एक बोट जाईल, बाकी पाय वाचेल. लेपबिप काही लावू नका. वेगळा ठेवा, खाली कोरडं ठेवा, माशी बसू देऊ नका." मलम दिलं आणि रोज धुवायला ते जांभळं औषध दिलं.

कापलेला दोरा ट्रेमध्ये पडला होता. रक्तात काळा पडलेला, पण एका टोकाला माझा तांबडा रंग अजून होता. तो मला पाहिजे, असं मी म्हटलं. त्यांनी कापसात गुंडाळून दिला आणि माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. कुणी बांधला हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

घरी आलो आणि दोरा कोपरीच्या खिशात ठेवला. तो दीड बोटाचा दोरा, पण खिशात विळा ठेवल्यासारखं वाटत होतं. मनात पहिला विचार आला तो हा, की आता हे कुणाला कळणार आहे? डॉक्टरीण इस्लामपूरची. कोंबडा बोलत नाही. नऊ दिवस शुक्रवारी संपतात, हात तर भाजलाच आहे, गावाचा निकाल लागलेला आहे. गप्प बसलं की झालं. आणि मग वाटलं, की आयुष्यभर लोकांच्या खिशात काय आहे हे मी हुडकत आलो, आणि आज माझ्या खिशात हे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मी किती जणांना ऐकवलं असेल. बुधवार गेला. गुरुवार गेला. पलीकडं रंगूबाई एका हातानं भांडी घासताना ऐकू यायची, एका हाताच्या कामाला वेगळा आवाज असतो. राजेश्वरी भिंत धरून नानी, नानी म्हणून ओरडायची. मी जेवलो नाही. सून विचारायची, कोंबड्याला बरं न्हाई म्हणून का? मी व्हय म्हणायचो.

शुक्रवारी सकाळी उठलो, आंघोळ केली आणि भिंतीला वळसा घालून ज्योतिबाच्या दारात गेलो. रंगूबाई पायरीवर बसून डाव्या हातानं तांदूळ निवडत होती. उजवा हात पांढऱ्या पट्टीत गळ्याला अडकवलेला. मी कापूस उलगडला आणि दोरा तिच्यापुढं पायरीवर ठेवला. चोवीस वर्षांत साहेबापुढं कधी असा उभा राहिलो नव्हतो.

तिनं दोऱ्याकडं बघितलं, पण हात लावला नाही.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"बांधताना बगितलं हुतं म्या तुमाला. त्या दिशी लंगडताना दिसला, म्हनून कात्री घिऊन आले."

"मग देवळात का बोलली नाहीस? माझं नाव का घेतलं नाहीस?"

तिनं तांदळातला एक खडा काढून अंगणात टाकला. मग म्हणाली, "इच्यारलंसा कुटं, आबा? उचल म्हनलासा. म्या उचलला."

मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या घालेल, ज्योतिबाला हाक मारेल. ती तसलं काही करणार नव्हती. मी काय करू, असं मी विचारलं. माझ्या वयाच्या माणसानं धाकट्या भावाच्या बायकोला असं विचारावं लागतं, तेव्हा आतनं काहीतरी तुटतं. ती म्हणाली, "जितं बोललासा तितं सांगा. माज्यासाटनं न्हवं. हात भाजला म्हनून लोकं म्हनत्यात नानी खोटी. उद्या ही पोर मोटी झाल्यावर तिच्या कानावर ह्येच जाईल."

देवळात गर्दी होती. ढोल वाजत होते. मी आकारामला ढोल थांबवायला लावले. उजव्या हातात भंडारा घेतला आणि डाव्या हातात दोरा धरला. म्हटलं, ज्योतिबाच्या बायकोनं उचललेला भंडारा खरा आहे. कोंबड्याचा पाय या दोऱ्यानं कापला आणि दोरा मी बांधला. तिनं तो सोडवायला कात्री आणली होती, तर मी तिला चोर ठरवलं. मागनं कुणीतरी म्हणालं, मग तिचा हात कसा भाजला? माझा पारा चढला. मी म्हटलं, "चुलीनं भाजला. चार दिस धड जेवली न्हाई, झोपली न्हाई, हातातनं भगुलं सुटलं आसंल. त्येचंबी पाप माझ्यावर घाला." जी माणसं सोमवारी रामराम घालत होती ती दुसरीकडं बघत होती. भंडारा मी कपाळाला लावला तेव्हा तो डोळ्यांत गेला आणि डोळे वाहायला लागले. लोकांना काय वाटायचं ते वाटो.

ज्योतिबा गर्दीतनं पुढं आला. त्याच्या काखेत त्यांचा तांबडा कोंबडा होता, अव्यंग, पिसं चमकत असलेली. ज्या गोष्टीला मी माघापासनं भीत होतो तीच माझ्या डोळ्यांदेखत झाली. त्यानं आकारामला सांगितलं, राजेश्वरी ऋषिराजच्या नावानं. माझ्या घराचं नाव. स्वतःच्या घराचं त्यानं घेतलं नाही.

त्या दिवशी आणखी काही झालं नाही. रंगूबाई माझ्याशी बोलली नाही, मीही गेलो नाही. पाच-सहा दिवस रोज तांबड्याचा पाय धुतला, मलम लावलं, कोरड्या पोत्यावर बसवला. एक बोट गळून पडलं. जखमेवर खपली धरली. तो लंगडतच, पण डालग्याबाहेर यायला लागला. लंगडा म्हणून देवीला चालत नाही, त्यामुळं आता त्याला मरण नाही. एका सकाळी त्यानं पंख झाडले आणि दीड पायावर उडी मारून भिंतीवर चढला. पलीकडं उतरला. मी हाकलायला उठलो आणि परत खाली बसलो. त्याच्या पायात आता खूण नव्हती. तो कुणाचा, हे बघून कुणालाच कळलं नसतं.

त्या दुपारी मळ्यातनं आलो. ऊन नव्हतं, ढग दाटून आले होते, पण तहान लागली होती. अंगणात आलो तर भिंतीपाशी रंगूबाई उभी. तांबडा तिच्या पायांत दाणे टिपत होता. तिचा उजवा हात अजून पट्टीतच होता. डाव्या हातात तांब्या होता आणि तो तिनं भिंतीवरनं पुढं केला.

डाव्या हातानं आमच्यात कुणी पाणी देत नाही आणि दिलं तर कुणी घेत नाही. मी डोक्यावरची टोपी काढून भिंतीवर ठेवली आणि दोन्ही हात पुढं केले.